गुडघे अजून पांढरे हवेत

१४ जून
मुलींचं वसतिगृह

दादा,

पोचले. बस वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने माझ्याकडेच असं बघितलं, जशी काही मीच ती बंद पाडली. खोली तीच, पलंग तोच, शेजारच्या पलंगावर आमचं बटण तेच. बटण म्हणजे माझी ती बुटकी मैत्रीण, जी झोपेत टाके मोजते.

शेवटचं वर्ष म्हणून यंदा सगळ्यांच्या अंगात आलंय. सकाळी कटिंग, दुपारी डिझाइन, आणि रोज शेवटचा तास ‘नोकरीची तयारी’. तो घेणाऱ्या सरांना अख्खी शाळा नोकरीसर म्हणते. खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. काल त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसायला शिकवलं. थट्टा नाही. चाळीस मुली एकेक करून येतात, बसतात, उठतात. ‘पाठ टेकवायची नाही, पण टेकवावीशी वाटतेय असंही दिसता कामा नये.’ बटण बसली तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. सर म्हणाले, तू उभ्याने मुलाखत दे.

आता खरं काम. एका मोठ्या जीन्स कंपनीने आमच्या शाळेशी करार केलाय, नाव मात्र अजून सांगत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकीने एक पँट डिझाइन करायची. त्यातली एक कंपनी खरोखर बनवणार, दुकानात जाणार. शिवाय निकालानंतर तीस मुलींना तिथे नोकरी. आमच्यासारख्या सरकारी शाळेत असं कधी झालं नव्हतं. हेडसर तर हल्ली टाय लावूनच येतात.

मला काकांची कामावरची पँट पाठव. ती जाडी निळी, मावशीने ट्रंकेत ठेवलेली. डिझाइनच्या बाई म्हणतात, कपडा माणसाबद्दल काय सांगतो ते बघा. काकांनी बावीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या. त्या पँटइतकं बोलणारा कपडा मी दुसरा पाहिला नाही. ते सगळं मला नव्या कापडावर आणायचंय.

आणि तुझा खोकला. सुट्टीत मी बघितलंय. तू सिगारेट ओढतोस, मला कळलंय. मावशीला सांगितलेलं नाही, पण सांगायला वेळ लागणार नाही. रविवारी फोनवर ये, मग ठरवते.

चिंधी


२७ जून

चिंधीबाई डिझायनर यांस,

पँट या पत्राबरोबर येतेय. आई आधी देईचना. ‘नवऱ्याची म्हणून एक वस्तू ठेवली, ती पण शाळेत घाला.’ मग स्वतःच बाहेर काढली, धुतली आणि वर कडक इस्त्री मारली. मी म्हटलं, अगं त्या सुरकुत्यांनाच तर मार्क आहेत. तर म्हणाली, ‘चुरगळलेली पँट पाठवून परगावात माझी अब्रू घालवू नकोस.’ तेव्हा सुरकुत्या तुझ्या तू शोधून घे.

सिगारेटचं ओळखलंस, हुशार आहेस. सोडली असं समज. आईजवळ बोलू नकोस.

रविवारी जमणार नाही. ओव्हरटाइम असतो. तुमच्या अधीक्षिकाबाईंचा तो एकुलता एक फोन, मागे चाळीस मुलींची रांग, त्यात काय बोलणार? पत्रात मी बरा बोलतो. मध्ये मध्ये थांबावं लागत नाही.

कारखान्यात ठीक. पॅकिंगलाच आहे अजून. बसून काम, वर पंखा. आमचा उंच्या, ज्याचं डोकं प्रत्येक चौकटीला लागतं, तो तुझी चौकशी करत असतो. त्याला एक पँट शिवून दे म्हणतो. त्याच्या मापाची दुकानात मिळत नाही.

दादा


२२ ऑगस्ट

दादा, दादा, दादा!

माझी निवडली. चाळीसांतून माझी!

नीट सांगते. अकरा दिवस लागले. पॉलिशपेपर, विटेचा तुकडा आणि ओलं फडकं. काकांची पँट समोर टांगायची आणि नवीवर घासायचं. जरा जास्त घासलं की भोक पडतं, कमी घासलं की नुसतं मळल्यासारखं दिसतं. बोटांची सालं निघाली. बाई म्हणाल्या, बास कर गं, मार्कांसाठी कोणी कातडी सोलत नाही.

कंपनीच्या मॅडम आल्या. बारीक, गोड बोलणाऱ्या. चष्मा लावून त्यांनी गुडघ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हे गुडघे कोणाचे?’ मी म्हटलं, ‘माझ्या काकांचे. ते गेले, पँट आहे.’  त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निकाल.

आणि कंपनी कोणती सांगू? नोकरीसरांनी फळ्यावर नाव लिहिलं आणि मी बाकावर उभी राहिले. तुझीच! तुझा कारखाना! तू पॅकिंगला, म्हणजे माझी पँट तुझ्याच हाताने खोक्यात जाणार. पहिल्या खोक्यावर माझं नाव लिही. कोणी बघत नसताना.

चिंधी


१० सप्टेंबर

चिंधी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्या माणसाने मला आयुष्यात कधी नवी पँट घेऊ दिली नाही, आणि आता लोक ती जुनी म्हणून विकत घेणार?’ मग पदराने डोळे पुसले आणि शेजारी सांगायला गेली. तासभर आली नाही. मलाही काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

एक विचारतो. तू हे हाताने केलंस ना, पॉलिशपेपरने? मग तसंच करा असं कंपनीला लिहून देता येईल का? नमुना ज्याचा त्याचं ऐकतात म्हणे. सहज विचारतोय. जमलं तर बघ.

दादा


३ ऑक्टोबर

दादा,

तू म्हणालास ते मी नोकरीसरांना विचारलं. ते हसले. ‘कसं करायचं ते कारखाना ठरवतो. आपण कसं दिसायचं तेवढं ठरवायचं.’ मी पण मग फार ताणलं नाही. एका पँटला अकरा दिवस लावून कंपनी चालायची कशी?

पण ऐक. पहिला नमुना कारखान्यातून मंजुरीसाठी आला. बरोबर कागद. त्यावर चौकट, ‘डिझायनरचा शेरा’. माझ्यासाठी! सगळा वर्ग भोवती गोळा झाला. शिलाई छान होती, खिसा अगदी काकांसारखा. गुडघे मात्र फिकट निळेच होते. काकांचे कसे, दोरा दिसेपर्यंत पांढरे. मी लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘गुडघे अजून पांढरे हवेत.’ खाली सही. नोकरीसरांनी पाठ थोपटली, म्हणाले, अशीच करारी राहा.

अठरा नोव्हेंबरला आमची सगळ्यांची कारखान्यात भेट आहे. तिथे वार्षिक चाचणीसारखे प्रश्न विचारणार आहेत म्हणे. मला काय, मी सरळ पॅकिंगला येणार आणि तुझ्या शेजारी बसून डबा खाणार. मावशीला दोघांचा द्यायला सांग.

चिंधी


२५ ऑक्टोबर

चिंधी,

शेरा पोचला. गुडघे पांढरे झाले.

अठराला मी नसेन. सुट्टी आधीच घेतलीय, उंच्याच्या बहिणीकडे जायचंय. शोधत बसू नकोस. हात दुखतो म्हणून थोडक्यात लिहितो.

दादा


२० नोव्हेंबर

दादा,

हे पत्र रागात लिहितेय, ते लक्षात येईलच.

आम्हाला शिलाईचा मोठा हॉल दाखवला, धुण्याची यंत्रं दाखवली, चहा-बिस्किटं दिली. मी पॅकिंगला गेले. तिथे सगळ्या बायका. मुख्य बाईंना तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘इथे पुरुष कोणीच नाही गं. कधीच नव्हता.’ मी म्हटलं, दोन वर्षांपासून आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खोकी मोजायला लागल्या.

मग मुकादम भेटला. तो म्हणाला, ‘फवाऱ्यावरचा ना तो? महिना झाला येत नाही.’ मी विचारलं, फवारा म्हणजे? तेवढ्यात नोकरीसरांनी हाक मारली, ‘चला, बस सुटतेय.’ बस काही सुटत नव्हती, ड्रायव्हर चहा पीत होता.

मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली दिसली. कुलूप होतं. दारापाशी जमीन पांढरी, पीठ सांडल्यासारखी. त्यात बुटांचे ठसे.

दोन वर्षं पत्रांत स्वतःला पंख्याखाली बसवून ठेवलंस. का? काम सोडलंस का? मावशीशी भांडलास का? कोणाबरोबर पळून गेला असशील तर तसं सांग, मी आधी ओरडेन आणि मग तिला ब्लाउज शिवेन.

चिंधी


२७ नोव्हेंबर

पोरी,

हे मी लिहितेय, मावशी. त्याला न सांगता लिहितेय. तुझं पत्र त्याने उशीखाली ठेवलं होतं, मी काढून वाचलं.

तो पळून गेलेला नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे, महिना झाला. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. नाकात नळी आहे. ती काढली तर ओठ निळे होतात. फोनवर येत नव्हता कारण दोन वाक्यांत खोकला यायचा आणि तुला कळलं असतं. सिगारेट त्याने आयुष्यात तोंडाला लावली नाही. तू ओढतो म्हणालीस, तर त्याला ते सोयीचं वाटलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, ‘खाणीत होतास का? दगड फोडायचास?’ तो म्हणाला, ‘नाही. नव्या पँटी जुन्या करतो.’ डॉक्टरांना वाटलं, तापात बडबडतोय. मग त्याने सगळं सांगितलं. कारखान्यात जीन्सवर वाळू मारतात, नळीने, वाऱ्याच्या जोरावर. रंग उडून कापड झिजल्यासारखं दिसतं. ती वाळू बारीक होऊन छातीत जाते. दोन वर्षं तो तेच करत होता. मला पण पॅकिंगच सांगितलं होतं. आंघोळ करून घरी यायचा, मला वाटायचं स्वच्छतेचं वेड लागलंय.

बरा होईल का, असं मी विचारलं. डॉक्टर वाईट नाहीत. पण माझ्याकडे न बघता लिहीत लिहीत म्हणाले, ‘गेलेली वाळू काढता येत नाही.’

परीक्षा आहे, येऊ नकोस, असं लिहायला बसले होते. ते मला जमत नाही. ये.

मावशी


१५ डिसेंबर

दादा,

आठ दिवस तुझ्या खाटेशी बसले, उंच्याचे किस्से ऐकले, तुझी नखं कापली, आणि जे विचारायला आले होते ते न विचारताच परतले. तुझ्या डोळ्यांत बघून विचारायची छाती झाली नाही.

माझा शेरा तू वाचला होतास का?

मीच मारतेय तुला. पॉलिशपेपरचं तू विचारलं होतंस आणि मी नोकरीसरांबरोबर हसले. अकरा दिवसांत माझी बोटं सोलली म्हणून मी गावभर कौतुक करून घेतलं. इथे वर्गात सगळ्या जणी अजून माझं अभिनंदन करतात. पँट दुकानात आलीय. बटणने जाहिरात कापून माझ्या कपाटावर चिकटवली होती. मी फाडली, तर रुसली.

वीस जानेवारीला शाळेचं प्रदर्शन आहे. पालक, सरकारी पाहुणे, कंपनीच्या मॅडम. माझी पँट डमीवर मधोमध, आणि मी दोन मिनिटं बोलायचं, ‘माझी प्रेरणा’. नोकरीसरांनी भाषण लिहूनही दिलंय. मला ते बोलायचं नाही. मला त्या खोलीबद्दल बोलायचंय. तू हो म्हण. आणि तिथे काय चालतं ते मला सगळं लिही, काही न लपवता. एकदाच.

चिंधी


२८ डिसेंबर

चिंधी,

आज जरा बरं आहे. आई खाली औषधं आणायला गेलीय. लिहून टाकतो.

तू पाहिलीस तीच खोली. खिडक्या आतून पोत्यांनी बंद केल्यात, कारण धूळ बाहेर गेली की शेजारचे ओरडतात. पँट लाकडी पायांवर चढवायची, नळी धरायची आणि वाळू मारायची. मांडीवर एक हात, गुडघ्यावर दोन. तुला अकरा दिवस लागले ते दीड मिनिटात होतं. समोरचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा हात हलताना दिसतो. तोंडाला फडकं बांधायचो. मुकादम म्हणायचा, ‘वाळू आहे रे, विष नाही. समुद्रावर लोक तिच्यावर झोपतात.’ आम्ही हसायचो. जेवायला बाहेर आलो की भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, तर एकमेकांना आजोबा म्हणायचो. नऊ जण होतो. एक घरी गेला तो आलाच नाही. दुसऱ्याला क्षय झाला असं सांगितलं. तिसरा मी.

तुझा शेरा. मुकादमाने तो कागद भिंतीला चिकटवला होता. तुझा ‘अ’ मी लांबूनच ओळखला, मीच गिरवून घेतलाय. खोटं कशाला बोलू, मला राग आला. फार आला. तेव्हा रक्त पडायला लागून पंधरा दिवस झाले होते. तू समोर असतीस तर काय बोललो असतो सांगता येत नाही. ही माझी बहीण, असं मी उंच्यालाही सांगितलं नाही. मग पँट चढवली, तर ते बाबांचे गुडघे. डावा उजव्यापेक्षा मोठा, कारण बाबा डाव्यावर भार द्यायचे. हे तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षात राहिलं असतं? त्या दिवशी मी बाबांचे गुडघे एकशे ऐंशी वेळा केले. शेवटचे तीन आठवडे तेच करत होतो. राग कधी गेला कळलं नाही. पण आला होता. तू विचारलंस म्हणून सांगितलं, आता पुन्हा विचारायचं नाही.

आणि मारतेय वगैरे लिहू नकोस. माझ्या छातीत दोन वर्षांची वाळू आहे, तुझ्या पँटची तीन आठवड्यांची.

आता भाषण. मी माझ्यापुरतं हो म्हणतो. खोलीत अजून सहा जण आहेत. उंच्याला सगळ्यांना विचारायला सांगितलं. तो आणि आणखी तिघे म्हणाले, बोलू दे. दोघे नको म्हणाले. ते सख्खे भाऊ आहेत, तिशीतले, दोघांना बायकापोरं. म्हणतात, आम्हाला काही होत नाही, आमचं काम कशाला घालवता? त्यांचंही चूक कसं म्हणू? मी पण दोन वर्षं हेच म्हणत होतो.

तर असं आहे. चौघांचं हो आणि दोघांचं नाही. तू ठरव. माझ्यावर ढकलू नकोस, मला हल्ली पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही.

दादा


२३ जानेवारी

मावशी,

हे त्याला वाचून दाखव. त्याला दम लागला तर थांबून वाच.

मी बोलले. आधीची चार वाक्यं नोकरीसरांची म्हटली, म्हणजे कोणी लगेच उठणार नाही. मग म्हटलं, ‘हे गुडघे मी अकरा दिवसांत केले. कारखान्यात ते दीड मिनिटात होतात. कसे, ते सांगते.’ खोली सांगितली, पोती सांगितली, नऊ जण सांगितले. नावं कोणाचीच घेतली नाहीत. ते दोघे भाऊ नको म्हणाले होते, म्हणून त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण खोली सांगितली म्हणजे तेही आलेच. मला ते कळत होतं, आणि तरी बोलले.

कंपनीच्या मॅडम आधी मान डोलावत होत्या. पाहुण्यांना भाषण आवडतंय असं दाखवायची सवय असते ना, तशी. वाळूपर्यंत आले तशी मान थांबली. मग माईक बंद झाला. मी ओरडून बोलले, आवाज चिरकला. ‘तो माझा भाऊ आहे, आत्ता दवाखान्यात आहे’, हे तिसऱ्या ओळीच्या पुढे कोणाला ऐकू गेलं नसेल. नोकरीसर मला कोपराला धरून खाली घेऊन गेले.  म्हणाले, ‘तीस मुलींच्या नोकऱ्या होत्या. तीस! दोन वर्षं त्या लोकांच्या पायऱ्या झिजवल्या मी.’ ते रडतील असं मला वाटलं. वाईट माणूस नाही गं तो.

कंपनीने काल करार मोडला. तिसांत बटणचं नाव होतं. तिने काही भांडण केलं नाही. गादी गुंडाळली आणि समोरच्या खोलीत गेली. जेवणघरात माझ्या बाकावर आता मी एकटी बसते.

डिझाइनच्या बाई डमीवरून पँट उतरवत होत्या. मला म्हणाल्या, ‘वीस वर्षं मी तुम्हाला सांगतेय, कपडा माणसाबद्दल काय सांगतो ते बघा. आणि मी...’  पँटची घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या.

पाहुण्यांतल्या एका सरकारी माणसाने माझ्याकडून कारखान्याचा पत्ता लिहून घेतला. काय करतो बघू.

चिंधी


४ फेब्रुवारी

पोरी,

वाचून दाखवलं. माईक बंद झाला ते त्याने दोनदा वाचायला लावलं. हसला. हसताना खोकला आला, नर्सबाई माझ्यावर ओरडल्या.

सरकारी माणूस गेला होता. उंच्या सांगत होता, आदल्याच दिवशी खोली धुऊन पुसून कोरी केली आणि आत कापडाचे गठ्ठे रचले. त्याने गठ्ठे बघितले आणि गेला. वाळूचं काम आता गावाबाहेर दुसऱ्या शेडमध्ये नेलंय. उंच्या आणि त्या तिघांना कामावरून काढलं. ते भाऊ तिकडे जातात.

तुझ्या हेडसरांचं पत्र आलंय. कंपनीची लेखी माफी मागितलीस तरच शेवटचं प्रमाणपत्र मिळेल, पालकाची सही हवी. मी सही करून परत पाठवलंय. तू पण कर. मला शहाणपण शिकवू नकोस. बोलायचं ते बोललीस, आता कागद घे. तीन वर्षं त्याने तुझा कागद यायची वाट बघितलीय. काल विचारत होता, निकाल कधी. मी म्हटलं, एप्रिल. त्याने बोटांवर महिने मोजले. दोनच बोटं, आणि बराच वेळ मोजत होता.

मावशी


२४ मार्च

मावशी,

दादाला स्मशानात पोचवून मी तुझ्याकडून निघाले त्याला आज पाच आठवडे झाले. तेव्हा दारात तू एवढंच म्हणालीस, ‘सही कर.’ मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ तू हो असा घेतलास. मी घेऊ दिला. आपल्या घरात ही खोड सगळ्यांनाच आहे.

मी सही केली नाही.

हेडसरांनी तीनदा बोलावलं. कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या निराधार विधानांमुळे कंपनीस झालेल्या त्रासाबद्दल’. मी पेन हातात घेतलं होतं, मावशी. खरंच. तुझी सही खाली होती, वाकडी, खूप दाबून केलेली. ती बघत बसले. मग ‘निराधार’ हा शब्द वाचला आणि पेन ठेवलं. तुझ्या सहीचा अपमान करायचा नव्हता. पण तसा झालाच.

वसतिगृह सोडलं. बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली, ‘हिचं कटिंग उत्तम आहे.’ तिच्यावर एका लॉन्ड्रीत काम मिळालंय. लोकांचे कपडे आखूड करायचे, सैल करायचे, चेन बदलायच्या. मालकीणबाई बऱ्या आहेत. खोली वरच आहे. पत्ता मागे लिहिलाय.

रागव. पण पत्र पाठव.

चिंधी


२ मे

पोरी,

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंडात काही नव्हतं. शिव्या होत्या. त्याने मोजलेले महिने तू वाया घालवलेस असं मला वाटत होतं. अजूनही कधीकधी, भांडी घासताना, वाटतं. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. तुला खोटं लिहिणार नाही, या घरात ते पुरे झालं.

आज लिहितेय त्याचं कारण वेगळं. सोमवारी सकाळी दार वाजलं. ते दोघे भाऊ. मोठा दारात उभा होता. धाकटा दिसेना, म्हणून वाकून बघितलं, तर तो खाली जिन्यातच बसला होता. दोन मजले त्याला एका दमात चढवेनात.

मोठा म्हणाला, ‘मावशी, आम्ही तेव्हा नको म्हटलं होतं.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे.’

‘तुमच्या पोरीबद्दल आम्ही काय काय बोललो. शेडमध्ये, सगळ्यांसमोर.’

‘ते माहीत नव्हतं. आता कळलं.’

तो खाली बघायला लागला. म्हणाला, ‘त्या डॉक्टरांचं नाव सांगता?’

खरं सांगू, दार लावून घ्यावंसं वाटलं. माझा गेला तेव्हा हे दोघे आले नव्हते. पण धाकट्याला पाणी नेऊन दिलं, तर तो एक घोट घेऊन थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मग दुसरा घोट. तसं पाणी पिताना मी चार महिने बघितलंय. मी चपला घातल्या. नुसतं नाव सांगून काय होणार? तिथे तीन दरवाजे आहेत, आणि चुकीच्या रांगेत उभं राहिलं की दिवस फुकट जातो. मला सगळ्या रांगा पाठ झाल्यात.

फोटो काढले. धाकट्याचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला आणि मला काही सांगावं लागलं नाही. मोठ्याचा अजून बरा आहे. डॉक्टर त्याला म्हणाले, ‘आज काम सोडलंस तर पुष्कळ वर्षं काढशील.’ तो बाकावर बसला होता. म्हणाला, ‘आज सोडलं.’ मग धाकट्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

डॉक्टरांनी आता सहा फोटो एकत्र ठेवलेत. उंच्याचा, त्या तिघांचा आणि या दोघांचा. तुझ्या दादाचा धरून सात. ते म्हणतात, एका माणसाचा आजार म्हणून फाइल बंद करतात, सात जणांची करता येत नाही. मला त्यातलं कळत नाही. तू वाचून सांगशील तर कळेल.

गुरुवारी धाकट्याला पुन्हा न्यायचंय. मोठ्याला एकट्याला धीर होत नाही आणि बायकोला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मालकीणबाई सोडत असतील तर बुधवारच्या गाडीने ये. रांगेत दोघी असलो म्हणजे एकीला बसता येतं.

मावशी